चिलापी पिशवीत, कटला पाण्यात

परवा रविवारी केत्तूरच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर बसलो होतो. रात्री तीनला सोलापूर सोडलेलं, टेंभुर्णीत चहा, मग जेऊरच्या रस्त्यानं काठावर पोचेपर्यंत नुकतं फटफटत होतं. शेंगापेंड आणि कणकेचा गोळा लावून गळ टाकला आणि अर्ध्या तासात कटला लागला, चांगला खेळला, दोनदा दोरी ओढून नेली त्यानं. वर घेतला, ओल्या फडक्यावर ठेवला आणि खिशातून टेप काढला. टेप म्हणजे बायकोच्या शिलाई मशीनच्या डब्यातला, पिवळा, कापडी.

शेजारी एक तात्या होडी काठाला लावून जाळं निवडत बसलेले, वय सत्तरीच्या आसपास असेल. ते बघत होते बघत होते आणि शेवटी राहवलं नाही त्यांना.

"पाव्हणं, मापं कसली घेताय? शर्ट शिवायचाय का त्याला?"

पंधरा इंच भरला. वजन पाऊण किलोच्या वर असेल. मी म्हटलं तात्या लहान आहे, सोडतो, आणि पाण्यात धरून सरळ केला, शेपूट हलली, गेला. तात्या काही बोलले नाहीत, मान हलवली फक्त. मला वाटलं चला इंप्रेशन पडलं. पुढच्या वीस मिनिटांत एक चिलापी आली, तळहाताएवढी, तीही मी तसल्याच भक्तिभावानं पाण्यात सोडली आणि तेव्हा मात्र तात्या उठून उभे राहिले ओ.

"आता हिला का सोडली?"

"लहान होती की तात्या."

"अवो ती म्हातारी होती! चिलापी तेवढीच ऱ्हाती! तुमच्या त्या कटल्याच्या पोटाला मिळंना, आन तुम्ही परत हिलाच सोडायलाय व्हय!"

तर ही पोस्ट त्या एका वाक्यावर आहे. गेली तीन-चार वर्षं मी टेप घेऊन फिरतोय आणि मला वाटत होतं की मला सगळं कळलंय.

टेप आला कुठून ते आधी सांगतो. लॉकडाऊनमध्ये टॉवेलच्या कारखान्याचं काम बंद, मी तिथं हिशोब बघतो, घरात बसून बसून डोकं फिरायला लागलेलं, तेव्हा यूट्यूबवर अमेरिकेतल्या बास फिशिंगचे व्हिडिओ बघायचं वेड लागलं. बास म्हणजे लार्जमाऊथ बास, हिरवट काळा, तोंड एवढं मोठं की मूठ जाईल. घरात मी दिवसभर "बास बास" करायचो आणि आई म्हणायची, बास म्हणतोस आणि बंद तर करत नाहीस. तिकडं हा मासा म्हणजे धर्मच आहे एक. आणि त्यांचे नियम! टेक्सासमध्ये साधा नियम म्हणजे चौदा इंचाच्या आतला लार्जमाऊथ घरी न्यायचा नाही आणि दिवसाला पाचच्या वर न्यायचे नाहीत. प्रत्येकाच्या होडीत मोजपट्टी. मासा पट्टीवर, तोंड एका टोकाला टेकवायचं, शेपूट चिमटीत धरून माप बघायचं, अर्धा इंच कमी पडला तरी परत पाण्यात. १९७२ मध्ये रे स्कॉट नावाच्या माणसानं, ज्यानं तिकडच्या बासच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या, त्यानं स्पर्धेतले मासे मारू नका, जिवंत ठेवा आणि सोडा अशी मोहीम काढली आणि तिथून ते सोडण्याचं लोण पसरलं. आता तर बरेच लोक एकही मासा खात नाहीत, पकडायचा, फोटो, सोडायचा.

मी भारावून गेलो. आपल्याकडं बोटभर मासा पण कुणी सोडत नाही आणि ही माणसं बघा, असं. पहिल्यांदा बाहेर पडायला मिळालं तेव्हा हिप्परग्याच्या तलावावर गेलो, दिवसभरात चार मासे लागले, चारही सोडले आणि रिकाम्या पिशवीनं घरी आलो. बायको म्हणाली, अहो मग पेट्रोल कशाला जाळलं? आईनं तव्यावर भाकरी टाकलेल्या, मसाला वाटून तयार, ती काही बोलली नाही, शेंगाचटणीचा डबा काढून पुढं ठेवला. त्या शांततेपेक्षा शिव्या बऱ्या.

बरं, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. तिकडचा नियम "सगळं सोडा" असा नाहीच आहे. लेक फोर्क म्हणून टेक्सासमधला फेमस तलाव आहे, तिथं मधल्या मापाचा मासा सोडायचा, म्हणजे सोळा ते चोवीस इंचाच्या मधला. सोळाच्या आतला खुशाल न्या. का, तर छोटे फार झाले की एकमेकांचं खाणं खातात आणि कुणीच मोठं होत नाही, म्हणून छोट्यांची गर्दी कमी करायची आणि मधले, जे आता मोठे होणार आहेत, ते राखायचे. चोवीसच्या वरचा दिवसाला एकच. म्हणजे माप हे त्या त्या पाण्याचं दुखणं बघून ठरवलेलं असतं. मी नुसता टेप उचलला, दुखणं बघितलंच नाही.

तात्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्याकडं स्मार्टफोन पण नाही, पण त्यांनी मला काठावर बसून जे सांगितलं ते हेच होतं.

चिलापी, म्हणजे तिलापिया, ही आपली नाहीच. आफ्रिकेतली. १९५२ मध्ये भारतात आणली, स्वस्तात प्रोटीन मिळेल म्हणून. हिचं वैशिष्ट्य असं की आई अंडी तोंडात धरते, पिल्लं निघाली तरी धोका दिसला की परत तोंडात घेते, त्यामुळं अंडी कमी असली तरी जगतात भरपूर. वर्षातनं अनेकदा वीण. आणि गर्दी झाली, खाणं कमी पडलं, की ती वाढायच्या ऐवजी तळहाताएवढी असतानाच अंड्यावर येते. तात्या "म्हातारी" म्हणाले ते अगदी बरोबर होतं! माझ्या टेपनं ती पोरगी ठरली आणि प्रत्यक्षात ती कितीतरी पिल्लांची आई असणार.

कटल्याचं उलट. कटला, रोहू, मृगळ यांना साचलेल्या पाण्यात वीण जमत नाही, पुराचं वाहतं गढूळ पाणी लागतं. पाऊस पडला, नदीला नवं पाणी आलं की मासे धारेविरुद्ध वर चढतात, ते चढणीचे मासे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहेत, ओढ्यात काठ्या घेऊन पळणारी पोरं पण माहीत आहेत (मी पण पळालोय, सीनेच्या काठाला आजोळ आहे माझं). आणि अंड्यावर यायलाच या माशांना दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून धरणात यांचं बोटुकलं, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, बाहेरून आणून सोडावं लागतं. ते तरी मिळतं कुठून, तर १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्पला (म्हणजे कटला-रोहूच्या जातकुळीतल्या माशाला) पिट्यूटरी ग्रंथीचं इंजेक्शन देऊन वीण करून दाखवली, दहा जुलैला, म्हणून तो दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. म्हणजे आपल्या ताटातला प्रत्येक धरणातला कटला हा जवळपास कुणीतरी इंजेक्शन देऊन, हौदात वाढवून, डब्यातनं आणून सोडलेला पोरगा आहे. तो पावशेरचा असतानाच काढून खाल्ला तर सगळा खर्च पाण्यात. म्हणजे पाण्यात पण नाही, पोटात.

आता कुणी शहाणा म्हणेल, कटला तरी कुठं आपला आहे? खरंय. कटला-रोहू गंगेकडचे, भीमेत माणसानंच आणून टाकलेले. मी हे तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "माझी सून पण बार्शीची हाय, म्हणून काय परकी हाय का? घरात कसं ऱ्हाती ते बघायचं." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, तुमच्याकडं असेल तर सांगा.

जपानची गोष्ट मला नंतर कळली आणि जरा हायसं वाटलं की घोळ घालणारा मी एकटा नाही. बास मूळचा अमेरिकेचा, जपानमध्ये १९२५ मध्ये नेऊन सोडला, तिथल्या तळ्यांत पसरला आणि त्यांचे स्वतःचे छोटे मासे खायला लागला. २००९ मध्ये बिवा सरोवरात एका जपान्यानं दहा किलोच्या वर बास पकडला, बावीस पौंड चार औंस, १९३२ मधल्या अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या रेकॉर्डची बरोबरी. तिकडं अमेरिकेत असला मासा सोडला तर लोक टाळ्या वाजवतील. आणि त्याच बिवा सरोवरात २००३ पासून बास पकडला तर परत पाण्यात सोडायला बंदी! काठावर पेट्या ठेवल्यात, पकडलेला त्यात टाका म्हणून. तोच मासा, एका देशात सोडणारा सज्जन आणि दुसऱ्या देशात सोडणारा नियम मोडणारा.

उजनीत तर हे अजून वाढायलंय. तो काटेरी पाठीचा सकर मासा, मत्स्यालयात काच चाटायला ठेवतात तो, कुणीतरी घरचा टाकीतला कंटाळा आला म्हणून सोडला असणार, तो आता जाळ्यात येतो आणि जाळं फाडतो. तात्या तो काठावर फेकतात, कावळे पण खात नाहीत म्हणाले. आणि विदेशी मांगूर, ज्याच्यावर केंद्रानं २००० पासून बंदी घातलीय, तो चुकून गळाला लागला तर "बिचारा" म्हणून सोडायचा नाही, प्लीज.

आता माझं पाप सांगतो. हे लिहायचं का नाही असा विचार केला, पण लिहितो.

मागच्या पावसाळ्यात एका पाझर तलावावर, गावाचं नाव नको, पाण्यावर लालसर पिल्लांचा एक गोळाच्या गोळा दिसला, ताटाएवढा, सगळी मिळून वर यायची, बुडबुडे सोडायची, परत खाली. मरळीची पिल्लं. आणि मरळ म्हणजे काय हे सोलापुरात सांगायला नको, बाजारात जिवंत मिळते आणि भाव पण तसाच, बाळंतिणीला मुद्दाम आणतात. मला कुणीतरी सांगितलेलं की पिल्लांच्या गोळ्यात बेडकी टाकली की मरळ हमखास येते. टाकली. आली. भुकेनं नाही आली ती, पिल्लांवर कोण आलं म्हणून हाणायला आली. दीड किलो. टेप लावला, दोन फुटाच्या जवळ, मी म्हटलं वा, मापात आहे, नियमात बसते, घेऊन चाललो. जाताना मागं बघितलं तर त्या गोळ्याच्या खाली पाणी खळबळत होतं, चिलापीच असतील, चिलापीच होत्या, आणि गोळा ताटाएवढा होता तो वाटीएवढा झाला, मग विस्कटला.

कालवण छान झालं. मी दोन घास खाल्ले.

बासचं पण असंच असतं बरं का, तिथं नर तळाला खळगा करून अंडी राखत बसतो, त्याला उचलला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे मिनिटांत अंड्यावर तुटून पडतात. हे मी व्हिडिओत बघितलेलं होतं. ऐकलेलं होतं, समजलेलं नव्हतं. माप बरोबर असून पण मासा चुकीचा असू शकतो.

आणि गाभोळीचं काय करायचं? हा आमच्या घरातला खरा प्रश्न आहे. आईला गाभोळी जीव की प्राण, आषाढात रोहू आणला की आधी पोट चाचपून बघते. रोहूची मादी किलोमागे दोन लाखांच्या वर अंडी धरते. मी एकदा हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "दोन लाखातली मी वाटीभर खाल्ली तर काय झालं?" गणित चुकीचं आहे, पण पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला आषाढात गाभोळी नाही म्हणायची हिंमत माझ्यात नाही, त्यामुळं मी एवढंच करतो की पोटुशी मादी गळाला लागली तर तिथंच सोडतो आणि घरी सांगत नाही. आई ही पोस्ट वाचत नाही. बायको वाचते, तिला विनंती.

सोडण्याबद्दल पण एक भ्रम होता माझा, की सोडला म्हणजे जगला. २०२४ चा उन्हाळा आठवा. उजनी मायनस पन्नास टक्क्यांच्या पण खाली गेलेली (म्हणजे वापरायचं पाणी संपून तळातलं राखीव उपसायला लागलेलं), पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलेलं, सोलापुरात पाणी किती दिवसाआड येत होतं ते नळाजवळ जागलेल्या बायकांना विचारा. मी त्या मे महिन्यात भर बारा वाजता रोहू पकडला, कोरड्या हातानं धरला, तापलेल्या दगडावर ठेवला, माप घेतलं, फोटो काढला, पोराला व्हिडिओ कॉल करून दाखवला आणि मग "जा बाळा" म्हणून सोडला. अर्ध्या तासानं तोच पांढरं पोट वर करून दहा फुटावर तरंगत होता. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी धरला जातो, त्यात मासा झुंजून दमलेला, त्यात मी त्याला बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात मॉडेलिंग करायला लावलेलं. अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याची कातडीवरची कातडी, ती कोरड्या हाताला निघून येते आणि मग बुरशी धरते. ते पुण्य नव्हतंच, खाल्ला असता तर बरा.

तेव्हापासून उन्हाळ्यात नऊच्या आत दोऱ्या गुंडाळतो. हात ओला, फडकं ओलं. गळाचं उलटं टोक पक्कडीनं दाबून ठेवलंय, त्यामुळं गळ पटकन सुटतो, काही मासे पण सुटतात, सुटू देत. गळ खोल घशात गेला असला तर ओढत बसत नाही, दोरी कापतो आणि तसाच सोडतो, ओढून आतडी बाहेर काढण्यापेक्षा त्यात जगायची शक्यता जास्त. फोटो एकच. आणि सोडायचा नसेल तर पिशवीत तडफडत ठेवायचा नाही, डोक्यात दणका देऊन लगेच संपवायचा. ही शेवटची गोष्ट मला तात्यांनी शिकवली, पुस्तकी दया नाही ती.

आता वडाप. सोलापुरात वडाप म्हटलं की जीप, बाराची आसनं आणि बावीस माणसं, टपावर दोन बोकडं. उजनीवर वडाप म्हणजे वेगळं, बारीक आसाचं लांबच्या लांब जाळं, ज्याच्या भोकातनं करंगळी जाणार नाही, ते तळापासून ओढत आणायचं. पण बघायला गेलं तर तत्त्व एकच, मावेल तेवढं कोंबायचं. त्यात बोटुकली येतात, अंडी येतात, तळातलं सगळं येतं. बेकायदेशीर आहे, अधूनमधून कारवाई होते, जाळी जाळतात, पेपरात फोटो येतो, महिन्यानं परत चालू. तात्यांचं जाळं मोठ्या आसाचं, चार बोटं आरपार जातात. ते म्हणाले, मी लहान सोडतो आणि माझ्या मागनं वडापवाला तेच घेऊन जातो, मग मी येडा का शहाणा?

मी दिवसभरात सोडले किती, तर तीन. वडापमध्ये एका ओढीत किती जात असतील ते मोजायला टेप नाही, फावडं लागेल. हे कळतं मला. राग पण येतो. समुद्रावर तरी २०२३ मध्ये सरकारनं चोपन्न जातींचं कमीत कमी माप ठरवून दिलं, पापलेट साडेतेरा सेंटीमीटरच्या आतलं धरायचं नाही वगैरे, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा पण केलं. अंमलबजावणी किती हा वेगळा विषय, पण माप कागदावर तरी आलं. धरणाच्या काठावर माप म्हणजे अजून जाळ्याच्या भोकाचं आणि ज्याच्या त्याच्या मनाचं.

मात्र बाजारात माझं चालतं, तिथं मी गिऱ्हाईक आहे. आमच्याकडं पावशेर-अर्ध्या किलोचे कटले "कवळे हायत साहेब, काटा मऊ" म्हणून विकतात. काटा मऊ वगैरे काही नसतं, उलट लहान कटल्यात बारीक काटे जास्त त्रास देतात. मी हल्ली मावशींना सरळ सांगतो, किलोच्या खालचा कटला नको, चिलापी द्या. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बिचाऱ्याची नोकरी गेली वाटतं. चिलापी म्हणजे गरिबाचा मासा ना! पण खरं सांगतो, ताजी चिलापी, आडव्या तीन चिरा, लसूण-मिरचीचं वाटण, वरनं ज्वारीचं पीठ लावून तव्यावर कडक केली, सोबत भाकरी, तर भिगवणच्या हॉटेलात बसल्यासारखं वाटतं आणि काटे कमी म्हणून पोरगं पण खातं.

त्या रविवारी शेवटी अकरा चिलाप्या पिशवीत घेऊन आलो. तात्यांनी अजून पाच दिल्या, पैसे घेतले नाहीत, म्हणाले तेवढीच गर्दी कमी. घरी आल्यावर आई खूश, पोरगं खूश. बायको मशीनवर बसलेली, ब्लाऊज अर्धा झालेला, तिनं डबा उघडला, टेप उचलला, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडं बघितलं.

संध्याकाळी नवीन टेप आणून दिला. जुना मला देऊन टाकला तिनं, पण आता तो लागत नाही, मी गळाच्या काठीवरच खूण केलीय, मुठीपासून अठरा इंचावर एक लाल रेघ, कटल्यासाठी. नेलपॉलिशची आहे. ते पण तिचंच, अजून सांगितलेलं नाही.